नकाराचे मत : दलित पँथरची पिढी आणि मतदानाचा प्रश्न

साठोत्तरी मराठी साहित्याच्या विवेचनात ‘तरुणांची राजकीय जाणीव’ हा शब्दप्रयोग बराच सैलपणे केला जातो. मोर्चा, सभा, अनियतकालिक, जाहीरनामा ही त्या जाणिवेची लक्षणे म्हणून समीक्षक हटकून नोंदवतात. नागरिकाला घटनेने दिलेली सर्वांत साधी राजकीय कृती म्हणजे मतदान. तिची मात्र क्वचितच दखल घेतली जाते. दलित पँथरच्या संदर्भात तर ‘या तरुणांनी संसदीय राजकारण नाकारले’ असे एक विधान करून पुढे जाण्याची रीत पडली आहे. हे विधान खोटे नाही, परंतु अपुरे आहे. त्यांनी नेमके काय नाकारले, आणि ते नाकारण्याचा अधिकार त्यांच्यापर्यंत कसा आला, हे पाहिल्यावाचून या पिढीच्या साहित्याचा स्वर कळत नाही.

यासाठी थोडे मागे जावे लागते. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. १९३५ च्या कायद्यानेही मत दिले ते मालमत्ता, करभरणा, शिक्षण अशा अटींवरच. त्यामुळे चाळीत वा गावकुसाबाहेर राहणाऱ्या बहुसंख्य माणसांच्या बोटाला शाई लागली ती थेट प्रजासत्ताकाच्या निवडणुकांत. नामदेव ढसाळ यांचा जन्म १९४९ चा, राजा ढाले यांचा १९४० चा. म्हणजे आईबापांना अपूर्वाईने मिळालेली गोष्ट ज्यांना मिळालेलीच होती, अशांची ही पहिली पिढी. १९४९ च्या नोव्हेंबरात घटना समितीपुढील समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनातील विषमता यांच्यातील विसंगतीचा इशारा दिला होता. पँथरची पिढी त्या विसंगतीतच वाढली. मत होते, मताच्या मोलाचा प्रश्न उरला होता.

१९७२ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, आणि स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त निघालेल्या ‘साधना’च्या विशेषांकात ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. त्यावर उठलेले वादळ मुख्यतः राष्ट्रध्वजाविषयीच्या शब्दांभोवती फिरले. लेखाच्या मुळाशी होता तो परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे दलित स्त्रियांची झालेली विटंबना आणि त्या गुन्ह्याला कायद्याने लावलेली किंमत. वाचकांनी शब्द मोजले, लेखक शिक्षा मोजत होता. ‘येरू’, ‘विद्रोह’ यांसारख्या अनियतकालिकांत आणि वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातील चर्चांत घडलेली ही भाषा होती; निवडणुकीच्या सभेत ती घडलेली नव्हती. मत मागणाऱ्याला श्रोता राजी करावा लागतो. या तरुणांना तशी गरज नव्हती, म्हणूनच ती भाषा तशी निघाली.

जानेवारी १९७४ मध्ये मध्य-दक्षिण मुंबई लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक आली. काँग्रेसचे उमेदवार रामराव आदिक. शिवसेनेचा त्यांना पाठिंबा. पँथरने बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळींच्या परिसरातील सभेत दगडफेक झाली, दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव ठार झाले. निवडणुकीत भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे विजयी झाल्या. बहिष्काराला एरवी निष्क्रियता समजले जाते. येथे तिची किंमत रस्त्यावर मोजली गेली, आणि तिचा लाभ मतपेटीतून तिसऱ्याच पक्षाच्या पदरात पडला. नकारही मोजला जातो, हे पुढारीपण करणाऱ्यांना ठाऊक असावे; मोर्चात चालणाऱ्या सगळ्यांना ते ठाऊक होते असे मानण्याचे कारण नाही.

येथे एक साधी गोष्ट सहसा विसरली जाते. त्या काळी मतदानाचे वय एकवीस होते. सभांना लोटणारी शाळा-महाविद्यालयांतील मुले बहिष्कार घालत होती, पण त्यांतील अनेकांपाशी बहिष्कार घालण्याजोगे मतच नव्हते. ‘आम्ही मत देणार नाही’ या वाक्यातील ‘आम्ही’ मतदारयादीपेक्षा मोठा होता.

हा ‘आम्ही’ वाङ्मयीन दृष्ट्या कळीचा आहे. मतदान ही एकट्याने, पडद्याआड, मुकाट्याने करावयाची कृती. गुप्तता हेच तिचे संरक्षण. गावात पाटलाच्या डोळ्यांदेखत जगणाऱ्या माणसाला त्या पडद्याचे मोल फार. परंतु विद्रोही कवितेला पडदा चालत नाही. तिचा निवेदक उघड्यावर, समूहाच्या वतीने, समोरच्याला उद्देशून बोलतो. निवडणुकीच्या संदर्भात मोठ्याने आणि एकत्र उच्चारता येईल अशी एकच कृती उरते, ती बहिष्कार. पँथरने ती निवडली यामागे तात्कालिक डावपेच होतेच, रिपब्लिकन पक्षाच्या गटबाजीविषयीचा उबगही होता. तरीही त्यांच्या कवितेच्या आणि बहिष्काराच्या घडणीत साम्य आहे हे नाकारता येत नाही. दलित आत्मकथनांत शाळेचा पहिला दिवस, धर्मांतर, पहिला मोर्चा यांना जे स्थान आहे ते पहिल्या मतदानाला क्वचितच लाभते, याचेही कारण बहुधा येथेच सापडेल.

पँथरचा हा स्वर फार काळ एकसंध राहिला नाही. १९७३ च्या जाहीरनाम्यावरून ढाले-ढसाळ मतभेद वाढले, संघटना फुटली, आणि १९७७ मध्ये ढाले व ज. वि. पवार यांनी ती बरखास्त केली. पुढे त्याच परंपरेतील अनेकांनी निवडणुका लढवल्या. ज्यांना यात केवळ घसरण दिसते ते १९७४ च्या बहिष्काराला तत्त्वज्ञान समजून बसतात. तो एका मतदारसंघापुरता, एका क्षणापुरता घेतलेला निर्णय होता.

एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मार्च १९८९ पासून मतदानाचे वय अठरावर आले आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अठरा ते एकवीस वयाच्या तरुणांनी प्रथमच लोकसभेसाठी मत दिले. ‘गोलपिठा’ वर्गात वाचणारा विद्यार्थी तेव्हापासून मतदारही आहे. मात्र त्याच विद्यार्थ्याचा महाविद्यालयातील प्रतिनिधी निवडण्याचा हक्क १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने काढून घेतला. प्रतिनिधी गुणपत्रिकेवरून नेमले जाऊ लागले. खुल्या निवडणुकांची तरतूद कायद्यात परत आली ती २०१६ मध्ये. मधल्या दोन दशकांत दिल्लीचे सरकार निवडण्यास पात्र असलेला तरुण स्वतःच्या वर्गाचा प्रतिनिधी निवडण्यास अपात्र होता.