गौरवलेख लिहावयास घेतलेल्या भाचीस



नाहार आलम यांच्या कार्यावर गौरवलेख लिहिण्याचे जिने मनावर घेतले आहे, तिने लेखाचा आरंभ त्यांच्या सोसण्यापासून करण्याचा मोह आवरावा. सोसणाऱ्या स्त्रीबद्दल हळहळणे वाचकाला सोपे जाते आणि तिने उभे केलेले काम मात्र नजरेआड होते. बांगलादेशातून न्यूयॉर्कला गेलेल्या आणि तेथे स्वतः परक्या घरांत राबलेल्या आलम यांनी दक्षिण आशियाई कामगार स्त्रियांना सोबत घेऊन १९९८ मध्ये जी संघटना उभारली, तिचे नाव ‘आंदोलन’. हा शब्द मराठी वाचकाला उलगडून सांगावा लागत नाही.

उलगडून सांगावी लागेल ती मुक्कामी कामाची पद्धत, म्हणजे मालकाच्याच घरी राहून काम करण्याची रीत. रात्री दोन वाजता रडणाऱ्या बाळाची बाटली कोमट पाण्यात धरून उभी असलेली स्त्री त्या वेळी कामावर असते की नुसती घरात असते, या प्रश्नावर तिचा पगार अवलंबून असतो. त्यातून मालक आपल्याच मुलखातला आणि आपलीच भाषा बोलणारा असला, तर ‘तू काय, घरचीच आहेस’ एवढ्या एका वाक्यात कामाचे तास, पगार आणि सुटी ही तिन्ही बुडतात. न्यूयॉर्क राज्यात थकलेल्या वेतनाचा दावा ६ वर्षे मागे जाऊन करता येतो, त्यामुळे कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीने टिपलेल्या ‘सकाळी ६ ते रात्री ११’ अशा नोंदीलाही पुराव्याचे मोल येऊ शकते. मालक परदेशी वकिलातीतला अधिकारी असला, तर त्याला खटल्यापासून मिळणारे राजनैतिक संरक्षण आडवे येते. ‘आंदोलन’ने अशा घरांतील स्त्रियांचीही बाजू लावून धरली, आणि लेखात या लढ्याला जागा द्यावीच.

कायद्याचा इतिहास मात्र थोडक्यात पुरे. संघटना बांधण्याचा हक्क देणारा अमेरिकेतील १९३५ चा कायदा आणि किमान वेतनाचा १९३८ चा कायदा या दोहोंनी घरकामगार व शेतमजूर यांना बाहेर ठेवले, आणि दक्षिणेकडील राज्यांत ही कामे प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या माथी होती. न्यूयॉर्क राज्याने २०१० मध्ये घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा करून जादा तासांचे वेतन आणि आठवड्यातून एक दिवस विश्रांती मान्य केली. याचे श्रेय एकट्या व्यक्तीला देऊ नये, कारण त्यामागे अनेक संघटनांच्या स्त्रियांची कित्येक वर्षांची खटपट होती.

हा प्रश्न केवळ न्यूयॉर्कचा नाही; पुण्यातील मोलकरणींनी १९८० मध्ये संप केला होता आणि महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, हे लक्षात असू द्यावे. लेख छापावयास देण्यापूर्वी तो घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींना वाचून दाखवावा. मात्र त्यांना महिन्याच्या किती सुट्या ठरवून दिल्या आहेत, हे त्याआधी आईला विचारून घ्यावे.