सांडपाणी आणि आपला शेजारी

मोरींतून वाहून गेलेलें पाणी कोठें जातें, असें आम्हीं वर्गांत विचारिलें म्हणजे "गटारांत," असें उत्तर तत्काळ येतें. परंतु गटाराच्या पुढें काय, ह्याचा विचार फारच थोडे करितात. गटार ओढ्यास मिळतें, ओढा नदीस मिळतो आणि तीच नदी पुढच्या गांवच्या पाणवठ्यावरून वाहते. अशा रीतीनें आपण टाकलेलें पाणी कोणाच्या तरी घागरींत जातें.

वाहती नदी आपोआप शुद्ध होते, ही समजूत अगदींच खोटी नाहीं. पाण्यांतील सूक्ष्म जंतु घाण खाऊन तिचें साध्या पदार्थांत रूपांतर करितात. मात्र ह्या कामीं ते पाण्यांत विरघळलेला प्राणवायु खर्च करितात. उन्हाळ्यांत एक लिटर पाण्यांत हा वायु जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो. हवेंतून नवा प्राणवायु मिळण्यापूर्वींच घाणीचा भार वाढला, कीं मासे गुदमरतात व पाण्यास दुर्गंधि सुटते. शिवाय पटकी, विषमज्वर ह्यांचे जंतु खालच्या गांवीं पोहोंचतात तें निराळेंच.

सांडपाणी-शुद्धीकरण केंद्र म्हणजे नदीचेंच हें काम नदीबाहेर, आटोपशीर जागेंत उरकून घेण्याची व्यवस्था होय. ह्याचें एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर किनाऱ्यावर आहे. आर्केटा हें हंबोल्ट उपसागराकांठचें, २०,००० हून कमी वस्तीचें गांव. १९७४ सालीं त्या राज्यानें उपसागरांत सांडपाणी सोडण्यावर कडक निर्बंध घातले. तेव्हां आसपासच्या गांवांनीं मिळून एकच मोठें, खर्चिक केंद्र बांधावें, अशी योजना पुढें आली. आर्केटाच्या नागरिकांस ती पटली नाहीं. तेथील विद्यापीठांतील जॉर्ज ॲलन व रॉबर्ट गियरहार्ट ह्या प्राध्यापकांच्या साहाय्यानें त्यांनीं प्रयोग केले, आणि जेथें पूर्वीं लाकूड कापण्याच्या गिरण्या व कचऱ्याचे ढीग होते, तेथेंच पाणथळ जागा तयार केल्या. १९८६ पासून गांवाचें सांडपाणी त्यांतून शुद्ध होऊं लागलें.

तेथील क्रम असा: प्रथम जाळीनें चिंध्या व काटक्या अडवितात, मग वाळू व गाळ तळाशीं बसूं देतात. नंतर पाणी विस्तीर्ण, उथळ तळ्यांत राहतें. तेथें शेवाळें सूर्यप्रकाशांत प्राणवायु निर्माण करितें आणि जंतु घाण खातात. पुढें पाणकणसांच्या बेटांतून पाणी संथ वाहत असतां उरलासुरला गाळ खालीं बसतो. तें निर्जंतुक करून मग उपसागरांत सोडतात. त्याच उपसागरांत कालवांची शेती चालते, आणि त्या पाणथळींत ३०० हून अधिक जातींचे पक्षी आढळले आहेत.

आपल्या देशांतहि त्याच १९७४ सालीं जलप्रदूषणाविरुद्ध कायदा झाला. परंतु कायद्याचा हात प्रत्येक घराच्या मोरीपर्यंत पोहोंचत नाहीं. जळकें तेल, रंग, प्लॅस्टिक हे पदार्थ मोरींत टाकूं नयेत. ते जंतूंस पचत नाहींत. आपल्या गांवचें गटार कोठें जातें, शुद्धीकरण केंद्र आहे काय व असल्यास तें नित्य चालतें काय, हें पालकांनीं नगरपालिकेस अवश्य विचारावें.

शेजाऱ्यावर प्रीति करण्याची प्रभूची आज्ञा आपण लहानपणापासून शिकतों. नदीकांठीं राहणाऱ्याचा एक शेजारी नेहमीं प्रवाहाच्या खालच्या अंगास असतो. त्याचें तोंड आपणांस दिसत नाहीं, एवढ्यानेंच त्याचें पाणी नासविण्याचा अधिकार आपणांस प्राप्त होत नाहीं.