तुळस आणि कोरफड

लोअर परळ हा मुंबईच्या गिरणगावाचा एक भाग. येथे कापडगिरण्यांचे भोंगे वाजत, त्या काळी कोकणातून व घाटावरून आलेली कामगारांची कुटुंबे डिलाईल रोडच्या आसपासच्या चाळींत राहत असत. कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांचे नाव पुढे या रस्त्याला देण्यात आले. चाळीतील खोली लहान असे. तिला अंगण नसे, परसू नसे. तरीही गावाकडच्या हिरवाईची ओढ काही सुटत नसे. मग गॅलरीच्या कठड्यावर किंवा खिडकीच्या गजांपाशी तुपाचे, तेलाचे, रॉकेलचे रिकामे डबे मातीने भरून ठेवले जात. हीच चाळीतील बाग.

या बागेत दोन वनस्पती हटकून दिसत. एक तुळस आणि दुसरी कोरफड. 1982 च्या संपानंतर बहुतेक गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. फिनिक्स मिलच्या आवारात मोठा मॉल उभा राहिला, आणि धुराड्यांच्या जागी उंच इमारती आल्या. परंतु चाळीच्या गॅलरीत काय किंवा विसाव्या मजल्यावरील खिडकीत काय, तुळस व कोरफड शेजारी शेजारी ठेवलेल्या आजही पाहावयास मिळतात.

शेजारी राहत असल्या तरी या दोघींचे स्वभाव अगदी भिन्न आहेत. ज्यावर एक जगते, त्यानेच दुसरी मरते. हे न जाणता दोघींना सारखीच वागणूक देणारा मनुष्य दोहोंपैकी एकीला तरी गमावून बसतो.

प्रथम त्यांचे रूप पाहावे. तुळशीची पाने लहान व पातळ असतात. तिच्या कोवळ्या खोडावरून बोट फिरवले, तर ते चौकोनी असल्याचे लक्षात येते. पुदिना आणि सब्जा ही तिचीच भावंडे होत. कोरफडीला उंच खोड असे दिसत नाही. जमिनीलगतच जाड, लांबट, काटेरी कडांची पाने एकाभोवती एक अशी फुटतात. पान कापले असता आत पारदर्शक गर दिसतो. या गरात बहुतांश पाणीच असते. कोरफड मूळची अरबस्तानच्या कोरड्या प्रदेशातील. तेथे पावसाचा भरवसा नाही. म्हणून मिळालेले पाणी पानांत साठवून ठेवण्याची सवय तिने अंगी बाणवली आहे.

पानांच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. या रंध्रांतून वनस्पती हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू आत घेते. परंतु रंध्रे उघडी असताना पानांतील पाण्याची वाफ होऊन ती बाहेर निघून जाते. तुळशीची रंध्रे दिवसा उघडी असतात. त्यामुळे उन्हात तिचे पाणी झपाट्याने खर्च होते. कोरफड दिवसा रंध्रे बहुधा मिटून घेते आणि रात्रीच्या गारव्यात ती उघडते. रात्री घेतलेला वायू ती साठवून ठेवते व दिवसा सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्यापासून अन्न तयार करते. या काटकसरीमुळेच तिला थोडे पाणी पुष्कळ दिवस पुरते.

येथे एका गैरसमजाचाही विचार केला पाहिजे. तुळस रात्रीदेखील प्राणवायू सोडते, असे पुष्कळ लोक मानतात. वस्तुतः वनस्पती प्राणवायू सोडतात तो अन्न तयार करताना, आणि त्यासाठी प्रकाश लागतो. अंधारात तुळस आपल्याप्रमाणेच प्राणवायू घेते. तुळशीचे महत्त्व सिद्ध करण्यासाठी अशा समजुतीची गरज नाही.

आता पाण्याचा विचार करू. उन्हाळ्यात डब्यातील तुळशीला रोज पाणी घालावे लागते. कोरफडीला मात्र आठ-दहा दिवसांनी, माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावे. मे महिन्यात चाळीतील मंडळी गावी जाण्यास निघत, तेव्हा तुळशीचा डबा शेजारच्या काकूंच्या स्वाधीन केला जाई. कोरफडीची चिंता कोणी करीत नसे. परत आल्यावर तिची पाने किंचित बारीक झालेली दिसत, एवढेच.

पावसाळ्यात याच्या उलट घडते. मुंबईचा बहुतेक सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. छपराच्या पागोळ्या डब्यात पडू लागल्या, की कोरफडीची मुळे कुजतात आणि पाने बुडाशी मऊ पडून मान टाकतात. पाहणाऱ्याला वाटते, की झाड तहानले आहे. तो दयाबुद्धीने आणखी पाणी घालतो आणि कोरफड मरते. तहानलेली तुळसही मान टाकते; पण तिला वेळेवर पाणी मिळाले, की ती पुन्हा ताठ उभी राहते. मान टाकणे हे लक्षण एकच, पण कारणे मात्र परस्परविरुद्ध! म्हणून पाणी घालण्यापूर्वी मातीत बोट घालून ओल पाहणे, हा सर्वांत सोपा उपाय होय.

माती निवडतानाही हेच तत्त्व पाळावे. तुळशीसाठी मातीत कुजलेले शेणखत मिसळावे. कोरफडीसाठी भरपूर वाळू व विटांचे बारीक तुकडे घालावेत, म्हणजे पाणी थांबून राहत नाही. डबा कोणाचाही असो, त्याच्या बुडाला खिळ्याने भोके पाडणे आवश्यकच असते. ऊन दोघींनाही हवे. परंतु ते कमी पडले, तर तुळस लवकर खुरटते. कोरफड काही काळ तग धरते. नव्या उंच इमारतींत शेजारच्या इमारतीची सावली पडते आणि वाऱ्याने माती लवकर सुकते. अशा ठिकाणी तुळशीची जागा अधिक विचारपूर्वक निवडावी लागते.

तुळशीची रोपे बियांपासून होतात. मंजिऱ्या वेळोवेळी खुडल्या, तर नवी पालवी फुटते आणि झाड अधिक काळ टिकते. कोरफडीच्या बुडाशी लहान पिल्ले फुटतात. ती अलगद वेगळी करून लावली, की नवे झाड तयार होते. चाळीत एका घरची कोरफड अनेक घरी पोहोचे ती अशीच.

उपयोगाच्या बाबतीतही दोघींनी आपापली कामे वाटून घेतली आहेत. नैवेद्यावर तुळशीचे पान ठेवतात, कार्तिक महिन्यात तिचे लग्न लावतात, तिच्या काष्ठाची माळ वारकरी गळ्यात घालतात. सर्दी-खोकल्यात आले व तुळस घालून काढा करतात. तिच्या पानांत युजेनॉल नावाचे द्रव्य असते. लवंगेचा उग्र वासही याच द्रव्याचा. कोरफडीचा गर त्वचेला थंडावा देतो. म्हणून मलमे व साबण यांत तो वापरतात. मात्र पानाच्या सालीखालून जो पिवळा, कडू चीक निघतो, तो तीव्र रेचक आहे. तो वाळवून काळा बोळ बनवतात. म्हणून मुलांनी कोरफड आपल्या मनाने खाऊ नये. आजार वाढल्यास या दोन्ही वनस्पतींवर विसंबून न राहता वैद्याकडे किंवा डॉक्टरांकडे गेले पाहिजे.

दोन्ही डबे कठड्यावर एकाच रांगेत असतात, आणि त्यांना पाणी घालणारा हातही एकच असतो. त्या हातात माया असली पाहिजे हे खरे. पण केवळ माया पुरेशी नाही. कोणाला काय हवे आणि किती हवे, हे ओळखून दिले, तरच ती माया फळाला येते.

स्वाध्याय

1. कोरफडीला थोडे पाणी पुष्कळ दिवस का पुरते?
2. मान टाकलेल्या झाडाला लगेच पाणी घालणे योग्य आहे काय? कारण सांगा.
3. तुळस व कोरफड यांची पाणी, माती, लागवड आणि उपयोग या मुद्द्यांवर तुलना करा.
4. ‘केवळ माया पुरेशी नाही’ या विधानाचा अर्थ घरातील किंवा शाळेतील एखादे उदाहरण घेऊन स्पष्ट करा.