नळी जमिनीवर ठेव, टेबलावर नको

अगं, काल रात्री फोनवर तुझा रडवेला आवाज ऐकला आणि मला झोपच लागेना. दहावीचा वर्ग, वर्गसमीकरणांचा धडा, आणि पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून प्रश्न, "बाई, हे कुठे लागतं?" तू जीव तोडून उत्तर देत राहिलीस आणि मुलं घड्याळाकडे बघत राहिली. पुढच्या वेळी उत्तर देऊच नकोस. सुतळीचा गुंडा घे आणि सगळ्यांना मैदानावर ने.

40 फूट सुतळी मोज, टोकांना गाठ मार, चार पोरांना चार कोपरे धरून उभं कर. पण त्याआधी प्रत्येकाकडून वहीत अंदाज लिहून घे. आयत लांबट केला तर आतली जागा बदलेल का? बरेच जण "नाही" लिहितात. दोरी तेवढीच, मग जागाही तेवढीच, असं त्यांना मनापासून वाटतं. मग 19 बाय 1 चा आयत ताणायला सांग, त्या बोळकांडीत सगळा वर्ग उभा कर. नंतर 15 बाय 5, मग 10 बाय 10. 19 चौरस फूट, 75, आणि 100. रुंदी आडव्या अक्षावर, क्षेत्रफळ उभ्या अक्षावर घेऊन बिंदू मांडले की आलेख टेकडीसारखा चढतो, 10 वर माथा गाठतो आणि जसा चढला तसाच उतरतो. निफाड-दिंडोरीकडची मुलं असतील तर विचार, एका बाजूला पाट आहे, तिथं कुंपण नको, तार मात्र 40 फूटच आहे, आता? घरी बागेचं कुंपण पाहिलेली पोरं यात डोकं घालतात. उत्तर 20 बाय 10 येतं, 200 चौरस फूट, बरोबर दुप्पट. ते त्यांनाच काढू दे.

आता नळीचं सांगते, हे मला फार जवळचं आहे. प्लंबिंगच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइपचा 60 सेंटिमीटरचा तुकडा आण. एका टोकाला टोपण घट्ट बसव. तळापासून 10, 20, 30, 40 आणि 50 सेंटिमीटरवर बारीक भोकं पाड आणि चिकटपट्टीनं बंद कर. नळी काठोकाठ भरायची, एका वेळी एकच पट्टी काढायची, आणि एकानं मग घेऊन वरून पाणी ओतत राहायचं, पातळी खाली जाता कामा नये. धार कुठे पडते तिथं खडूनं खूण करायची. इथंही अंदाज आधी. बहुतेक सगळे सर्वांत खालच्या भोकावर बोट ठेवतात, कारण तिथं दाब जास्त, हे विज्ञानात शिकलेलं असतं.

पण सगळ्यांत लांब जाते ती मधली धार. 10 आणि 50 ची भोकं जवळजवळ एकाच जागी पाणी टाकतात, 20 आणि 40 ची दुसऱ्या एका जागी. खालच्या धारेला वेग असतो पण पडायला उंची नसते, वरचीला उंची असते पण वेग नसतो. अंतराचा वर्ग काढायला सांग. हिशेबानं तो 2000, 3200, 3600, 3200, 2000 असा यायला हवा, मुलांचे आकडे थोडे कमी भरतात, कारण भोकाच्या कडेला पाणी अडतं. कमी भरलेले आकडे खोडायला लावू नकोस, तेच त्यांचे आकडे. आलेख काढला की पुन्हा तीच टेकडी! भोकाची उंची गुणिले त्याच्या वरच्या पाण्याची उंची, दोन्हींची बेरीज कायम. म्हणजे सुतळीची लांबी-रुंदीच की. हे वर्गातल्या एखाद्या मुलीच्या तोंडून निघेपर्यंत तू ओठ मिटून बस. मला ते फार जड गेलं होतं.

नळी जमिनीवरच ठेव. पहिल्या वर्षी मी ती टेबलावर ठेवली, कपडे भिजू नयेत म्हणून. खालच्या धारेला पडायला टेबलाचीही उंची मिळाली, तीच सगळ्यांत लांब गेली, आणि मी मुलांना चुकीचं दाखवून घरी आले. दुसऱ्या दिवशी मुलांपुढे चूक कबूल केली आणि दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी करून दाखवले.

आणि टेकडीसारखा हा वक्र, म्हणजे अन्वस्त, समजावताना लोंबती तार किंवा दारावरचं झेंडूचं तोरण दाखवून "बघा, अन्वस्त" म्हणू नकोस. दिसतं तसं, पण तो वक्र वेगळा.

दोन मुळांपैकी एक का टाकायचं, हे मात्र फळ्यावर कधी पटत नाही. त्यासाठी भास्कराचार्यांकडे जा. आपल्या नाशिकहून मनमाड, नांदगाव करत गाडी चाळीसगावला जाते ना, तिथून जवळच पाटण आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, तिथं मठ काढल्याचा 1207 चा शिलालेख आहे. त्यांच्या 'बीजगणिता'त माकडांचं एक उदाहरण आहे: कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला तेवढी माकडं गुहेत गेली, एक बाहेर दिसतंय, कळप केवढा? चिंचोके घेऊन बसव. 50 चा पाचवा हिस्सा 10, त्यातून तीन गेले की सात, सात ओळी सातांच्या, आणि एक चिंचोका बाजूला. जमलं. समीकरणातून 5 पण येतो. पण 5 चा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन काढायला गेलं की हात तिथंच थांबतो. भास्कराचार्यांनीही ते उत्तर याच कारणानं सोडलं. तो थांबलेला हात मुलं विसरत नाहीत.

दहावीला गणितात अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण आहेत, त्यासाठी थर्माकोलचे विकतचे प्रकल्प मागवू नकोस, ते पालकच करतात. एकच नळी, पण मुलांच्या हातून.

माझी नळी गच्चीवर आहे, टोपण नवं बसवलंय. चिंचोकेही 50 मोजून पिशवीत बांधून ठेवलेत. शनिवारी सकाळच्या शाळेआधी ये आणि घेऊन जा.