ओलाव्याचा आकडा खरा कसा मिळवावा?

ठिबकवरील उसात किंवा डाळिंबात आता अनेक बागायतदार जिप्सम ठोकळ्यासारखे रोधक सेन्सर बसवितात. जमीन वाळली की ठोकळ्याचा विद्युतरोध वाढतो, ओली झाली की कमी होतो. पेटीतील मंडल हा रोध मोजून आकडा दाखविते आणि त्यावर पाणी सोडण्याचा निर्णय होतो. आकडा चुकीचा कोरडा आला तर पाणी वाया जाते व काळ्या जमिनीत मुळे गुदमरतात. चुकीचा ओला आला तर पिकाला ताण बसतो.

चूक नेमकी कोठे आहे, हे प्रथम शोधावे. त्यासाठी सेन्सर सोडवून त्या जागी वायरच्या शेतातील टोकाला १ किलोओहमचा मेटल फिल्म रोधक जोडावा व दिवसभर दर तासाला नोंद घ्यावी. हा रोधक उन्हाने फारसा बदलत नाही. आकडा स्थिर राहिला तर पेटी व वायर निर्दोष आहेत, दोष सेन्सरमध्ये किंवा जमिनीत पाहावा. आकडा हलला तर तोच रोधक पेटीच्या टर्मिनलवर जोडून पाहावा. तेथे स्थिर आला तर दोष वायरीत. ही साधी तपासणी न करता नवा सेन्सर आणणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

सेन्सरला सतत एकाच दिशेने डी.सी. दाब देऊ नये. तसे केल्यास इलेक्ट्रोडजवळ आयन साचतात, रोध हळूहळू वाढत जातो आणि जमीन आहे त्यापेक्षा कोरडी दिसते. मंडलाने क्षणभर एका दिशेने, लगेच तितकाच वेळ उलट दिशेने दाब द्यावा, दोन्ही वाचनांची सरासरी घ्यावी आणि मग दाब बंद ठेवावा. यंत्र घेताना विक्रेत्यास हे अवश्य विचारावे.

पुरवठ्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. सौर पॅनेलवरील १२ व्होल्टची बॅटरी दुपारी चार्ज होताना १४ व्होल्टपर्यंत जाते व रात्री उतरते. १० बिटच्या मंडलात ५ व्होल्टचे १०२४ भाग पडतात, म्हणजे एक भाग साधारण ५ मिलिव्होल्टचा. पुरवठा थोडा हलला तरी आकडा अनेक घरे सरकतो. म्हणून रेग्युलेटर हवाच. शिवाय सेन्सरला दिलेला दाब आणि मोजण्याचा संदर्भ दाब एकाच ठिकाणाहून घ्यावा, म्हणजे चढउतार दोन्हीकडे सारखा होऊन आपोआप वजा होतो.

तापमानाचा परिणाम मोठा आहे. दर अंश सेल्सिअसला रोध सुमारे दीड ते दोन टक्के घटतो. उथळ सेन्सरजवळची माती सकाळपेक्षा दुपारी १० अंशांनी तापली तर पाणी न देताही जमीन ओली झाल्यासारखी दिसते. पीक पाणी ओढत असताना दुपारी ओलावा ‘वाढतो’ असे दिसले की हीच शंका घ्यावी. तापमान दुरुस्तीची सोय नसल्यास रोज सकाळी ठराविक वेळी घेतलेली नोंदच ग्राह्य धरावी.

मोटार सुरू होताच आकडा उडी मारत असेल तर सेन्सरची वायर मोटारीच्या केबलसोबत एकाच चरातून गेलेली असते. ती वेगळी न्यावी, ओलांडणे भाग असल्यास काटकोनात ओलांडावी. जाळीचे आवरण असलेली पीळदार जोडवायर वापरावी व ते आवरण फक्त पेटीच्या बाजूला अर्थ करावे. सोळा वाचने घेऊन टोकाची सोडून सरासरी काढल्यास उड्या कमी होतात. मात्र कायम एकाच बाजूला असलेली चूक सरासरीने जाते, हा गैरसमज पुष्कळांचा आहे.

पावसाळ्यात जोडांत ओल शिरते, त्यातून प्रवाह गळतो आणि आकडा ओला दिसतो. सांधे जमिनीच्या वर घेऊन जेलने भरावेत.

शेवटी, हंगामात दोन-तीन वेळा सेन्सरच्या खोलीवरील, पण त्याच्यापासून हातभर दूरची माती काढून १०५ अंश सेल्सिअसला २४ तास भट्टीत वाळवावी, वजनावरून ओलावा काढावा आणि त्या दिवसाच्या आकड्याशेजारी वहीत लिहून ठेवावा. काळ्या जमिनीत भेग पडून सेन्सर उघडा पडला असल्यास तो काढून, भिजवून, त्याच मातीच्या राड्यात पुन्हा बसवावा.