दूध, किल्ली आणि कल्याण फास्ट

अनुभवाचे बोल सांगायचे तर माणसानं निदान एखादा कडा चढलेला असावा, नाहीतर एखादा धंदा तरी बुडवलेला असावा. माझ्या खात्यावर तसलं काही जमा नाही. बँकेतली नोकरी, कांजूरमार्गचं घर, एक नवरा, एक मुलगी आणि रोजच्या रोज होणारी किरकोळ फजिती, एवढाच ऐवज. पण ही फजिती इतकी नेमानं होत आली आहे की तिच्यामुळे थोडं शहाणपण आलं असावं, असा माझा समज आहे. घरच्यांचं मत वेगळं आहे.

१. मी ज्यांना अपघात म्हणत होते त्या माझ्या सवयी निघाल्या. दुधाचंच बघा. मी गॅससमोर उभी असेन तोवर ते गप्प. जरा वळून ओटा पुसायला घेतला, दाराची पिशवी आत आणली, की सर्रकन वर आणि थेट शेगडीवर. यामागचं शास्त्र साधं आहे. तापताना दुधावर सायीचा पापुद्रा धरतो, खालून येणारी वाफ त्याच्याखाली कोंडते, आणि दुधातल्या प्रथिनांमुळे तिचे बुडबुडे लवकर फुटत नाहीत. फेसावर फेस चढत जातो. पाणी कितीही खळखळलं तरी भांडं सोडून असं निघून जात नाही. हे कळल्यावर काही दिवस मी सगळा दोष प्रथिनांवर ढकलून पाहिला. पण खरी गोम अशी की मला रिकाम्या हातांनी उभंच राहता येत नाही. दूध तापतंय ना, मग तेवढ्यात हे उरकू, ते उरकू.

गंमत म्हणजे वर्षातून एक दिवस दूध उतू जावं अशीच सगळ्यांची इच्छा असते. रथसप्तमीला सासूबाई गॅलरीत सूर्याकडे तोंड करून गोवरीच्या तुकड्यांवर बोळक्यात दूध तापवायच्या. ते उतू जाणं शुभ. आम्ही सगळे भोवती हात जोडून उभे, आणि दूध काही हलेना. एका वर्षी धुरानं सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागले तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, “तू जरा आत जा बघू. तू लक्ष काढलंस की येईल वर.” मी आत गेले. आलं.

२. हरवलेली वस्तू एखादवेळ सापडते. जपून ठेवलेली वस्तू सापडत नाही. बँकेत बरीच वर्षं लॉकरचं काम माझ्याकडे होतं. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक ग्राहकाची, एक बँकेची. ग्राहकानं आपली हरवली तर बँकेच्या एकट्या किल्लीनं काही होत नाही. मग कंपनीचा माणूस बोलवायचा, ग्राहकाच्या समोर लॉकर फोडायचा, आणि खर्च ग्राहकाच्या माथी. हे सगळं मी काउंटरपलीकडच्या ओशाळलेल्या चेहऱ्यांना मोठ्या गंभीरपणे समजावून सांगायचे आणि वर एक सल्ला जोडायचे: “एक जागा ठरवून ठेवावी हो, ताई.”

घरच्या लोखंडी कपाटातल्या तिजोरीची किल्ली मी अशीच एका ठरवलेल्या जागी ठेवली होती. चोराला सुचणार नाही अशी जागा. ती मलाही सुचेना. रव्याचा डबा, गणपतीच्या मखराचं खोकं, हिवाळी कपड्यांची बॅग, सगळं उपसलं. शोधताना मुलीचे दुधाचे दात सापडले, लग्नातल्या आहेराची रिकामी पाकिटं सापडली, मी मेलेला समजत होते तो इस्त्रीवाल्याचा हिशेब सापडला. किल्ली शेवटी निघाली ती त्याच कपाटातल्या शालूच्या घडीतून, म्हणजे तिजोरीपासून वीतभर अंतरावर. चोराला खरंच सुचलं नसतं म्हणा. कपाट उघडल्यावर तिजोरीची किल्ली शेजारीच ठेवणारी बाई या घरात राहते, हे त्याच्या डोक्यात कुठून येणार? तेव्हापासून लॉकरच्या ग्राहकांना मी पाणी विचारू लागले. सल्ला बंद.

३. खोलीत शिरल्यावर आपण का आलो ते विसरणं हा म्हातारपणाचा दोष नाही, दाराचा आहे. हे मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल रॅडव्हान्स्की यांनी २०११ मध्ये त्यावर प्रयोग छापले. एका खोलीतून दुसरीत जाताना माणसाचं मन जुनं प्रकरण मिटून नवं उघडतं, असा त्यांचा निष्कर्ष. माझी आजी म्हणायची, मूळ जागी परत जाऊन उभं राहा, आठवेल. त्या प्रयोगात परत गेल्याचाही विशेष फायदा झाला नाही. तरी मी परत जाते. आठवत नाही ते नाहीच, पण चालणं होतं.

४. फजिती एकटीनं भोगली तर ताप, चार जणींत झाली तर करमणूक. संध्याकाळी सीएसएमटीहून गाडी पकडताना माझी एक सवय आहे: इंडिकेटरकडे न बघता, गर्दी कुठे वळतेय ते बघून मी वळते. एका शुक्रवारी गर्दी कल्याण फास्टकडे वळली होती. मला खिडकी मिळाली. कांजूरला राहणाऱ्या बाईला संध्याकाळी खिडकी मिळते तेव्हाच तिला शंका यायला हवी. घाटकोपर गेलं, मी पर्स खांद्याला लावून उठले, आणि गाडीनं वेग कमी करायच्या ऐवजी वाढवला. विक्रोळी गेलं. मग माझं स्टेशन, माझा नेहमीचा जिना, माझा नेहमीचा भाजीवाला डोळ्यांसमोरून धाडधाड मागे गेले.

लेडीज डब्यात दुःख लपवता येत नाही. “कुठे उतरायचंय?” मेथी निवडणारीनं विचारलं. म्हटलं, कांजूर. “ही फास्ट आहे.” म्हटलं, हो, आत्ताच कळलं. पुढची दहा मिनिटं माझं काय करायचं यावर डब्यात परिषद भरली. एक म्हणाली, ठाण्याला उतरून समोरची स्लो पकडा. दुसरी म्हणाली, समोरची नको, ती भरून येते, ठाण्याहूनच सुटणारी बघा. तिसरीनं नणंदेची गोष्ट काढली. ती अशीच एकदा थेट कर्जतला पोचली होती. मेथीवालीनं मला निम्मी जुडी निवडायला दिली, “बसलाच आहात तर.” ठाणं आलं तशी कोपऱ्यात इतका वेळ फोनमध्ये तोंड घालून बसलेली एक बाई माझ्यामागोमाग उतरली. प्लॅटफॉर्मवर आल्यावर हळूच म्हणाली, “मला विक्रोळीला उतरायचं होतं हो.” तिनं सगळा उपदेश फुकटात ऐकून घेतला होता, आणि हसे माझे झाले होते. मी तिच्याकडून चहा वसूल केला.

५. लोक आपल्याकडे बघत नाहीत. यात दिलासा किती आणि अपमान किती, ते अजून ठरवता आलेलं नाही. एकदा मी कुर्ता उलटा घालून बँकेत गेले. शिवण बाहेर, मानेमागचं लेबल बाहेर. दुपारी आरशात दिसलं तेव्हा घाम फुटला. सकाळपासूनचे सगळे चेहरे आठवून पाहिले: शिपाई हसला होता का, मॅनेजर मध्येच थांबले का होते? चहाच्या वेळी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला कबुली दिली, तर ती म्हणे, “उलटा? मला वाटलं, फॅशन आहे.” बाकी कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाच्या चित्राचा, म्हणजे त्यांच्या वयाला लाज आणणारा, टीशर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं होतं. जवळपास निम्म्या जणांनी तो पाहिला असणार, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात पाहणारे त्याच्याही निम्मे निघाले. हे वाचून मला बरं वाटलं. मग आठवलं की उलट्या कुर्त्याच्या आदल्या आठवड्यात मी नवी कांजीवरम नेसून गेले होते, आणि तेव्हाही कुणी काही बोललं नव्हतं.

६. आपलं घर किती हास्यास्पद आहे हे कुकरची शिट्टी झाल्याशिवाय कळत नाही. नवरा ऑफिसचं काहीतरी गंभीर सांगत असतो, शिट्टी होते, तो वाक्य अर्धं सोडून म्हणतो, “दोन.” मी म्हणते, “तीन.” आणि मूळ विषय तिथेच मरतो. कुकरच्या माहितीपत्रकात बहुधा लिहिलेलं असतं की वाफ धरली की आच बारीक करा आणि मिनिटं मोजा. ते वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. बंद भांड्यात वाफ कोंडून अन्न शिजवायची युक्ती डेनिस पापँ या फ्रेंच माणसानं १६७९ मध्ये काढली. भांडं फुटू नये म्हणून त्याला झडपही लावली. त्या झडपेवरून साडेतीनशे वर्षांनी एक नवरा-बायको भांडतील, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. आमच्या इमारतीत तर खिडकीला खिडकी लागून. कितीतरी दिवस आमची डाळ कच्ची राहायची आणि कारण कळेना. मग एका रविवारी उलगडा झाला: तिसरी शिट्टी शेजारच्यांची होती.

माणूस यंत्रासारखा वागायला लागला की हसू येतं, असं आँरी बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञानं १९०० मध्ये हास्यावरच्या पुस्तकात मांडलं. पटतं. पण आमच्याकडे यंत्र शिट्टी वाजवतं आणि माणसं हिशेब चुकवतात. त्यांचा सिद्धांत आमच्या स्वयंपाकघरात कसा बसवायचा, हा प्रश्न उरतोच.

७. आपल्या फजितीची मालकी फार दिवस आपल्याकडे राहत नाही. चिं. वि. जोशी बडोद्यात पाली शिकवणारे गंभीर विद्वान. पण आपल्या विनोदी कथांतल्या चिमणरावाची फजिती त्यांनी चिमणरावाच्याच तोंडून सांगितली, दुसऱ्या कुणाला सांगू दिली नाही. मला वाटतं, त्या हसण्यात बोच नाही त्याचं हे एक कारण असावं. माझ्या घरी हा शिष्टाचार पाळला जात नाही. फास्ट लोकलची गोष्ट आता नवरा सांगतो. त्याच्या आवृत्तीत मी कल्याणपर्यंत जाते. मी दुरुस्ती केली की तो म्हणतो, “तुला नीट आठवत नाही.”

पण दुसऱ्याच्या फजितीला हसताना कुठे थांबायचं, ते मला सासूबाईंनी शिकवलं. त्या विसरायला लागल्या तेव्हा पहिले काही महिने आम्ही हसलो, त्याही हसल्या. चष्मा फ्रीजमध्ये, फ्रीजमधलं लोणी देवघरात. नंतर डॉक्टरांनी त्याला नाव दिलं आणि आमचं हसू एकदम आटलं. घरात सगळे दबक्या आवाजात बोलायला लागलो. एका दुपारी त्यांनी चहा मागितला. नुकताच दिला होता. मी आणि नवरा एकमेकांकडे बघतोय, कसं सांगावं कळेना. त्यांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “घेतला असेन. पण जो आठवत नाही तो चहा काय कामाचा? दुसरा टाक.” मी टाकला. आमच्या घरात पुन्हा कधी हसायचं, हे त्यांनी ठरवलं. आम्ही ठरवायला गेलो असतो तर चुकलो असतो.

८. ज्या सवयीवरून आपण आईला हसलो ती सवय आपल्याला लागते, हे सगळ्यांनाच माहीत असतं. मला नवीन कळलं ते असं की ती मधली पिढी ओलांडूनही जाते. माझ्या आईकडे दाराच्या मागे पिशव्यांची एक पिशवी होती: दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, साडीच्या दुकानातल्या, मिठाईच्या, सगळ्या घड्या घालून. मी ठरवून तसली पिशवी केली नाही. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा शेजारणी कोंडून ठेवलेला साठा कुठे टाकावा या काळजीत होत्या; मी मोकळी. त्याचा थोडा गर्वही होता.

मुलगी आता जर्मनीत असते. परवा व्हिडिओ कॉलवर नवं स्वयंपाकघर दाखवत होती. दार लोटलं, तर त्याच्यामागे खुंटीला काहीतरी फुगलेलं लटकत होतं. म्हटलं, ते काय गं? तिनं पटकन कॅमेरा फिरवला. “काही नाही, पिशव्या आहेत. चांगल्या आहेत गं, टाकवत नाहीत.”

शब्दन् शब्द माझ्या आईचा. आई गेली तेव्हा ही बालवाडीत होती, आणि माझ्या तोंडून हे वाक्य या घरात कधीही निघालेलं नाही. नवऱ्याचा संशय माझ्यावर आहे. चौकशी चालू आहे.