परत फिरायची वेळ किनाऱ्यावरच ठरवा

छोट्या होडीतून समुद्रात गरवायला जाणाऱ्या माणसाला पाण्याची भीती असते, पण त्याहून जास्त सोबत्यांची भीड असते. ‘चला, परत जाऊया’ एवढे शब्द काही केल्या तोंडातून निघत नाहीत. आपल्यामुळे बाकीच्यांचा दिवस फुकट जायला नको, इतर कुणी बोलत नाही तर आपणच कशाला बोला, आत्ता कुठे मासा लागायला लागलाय. एकेकट्याच्या मनात यातलं काही आलं तर नवल नाही. पण होडीतल्या सगळ्यांनीच ते एका वेळी मनात ठेवलं, की होडी संकटात जाते. आमच्या हौशी गरवणाऱ्यांच्या मंडळाच्या एका फेरीत दोन होड्यांपैकी एकीवर हे घडलं. मी दुसऱ्या होडीत होतो.

मार्चचे दिवस होते, अमावास्या तोंडावर आली होती. कर्ली खाडी जिथे समुद्राला मिळते त्या देवबागच्या संगमावरून आम्ही उजाडता उजाडता बाहेर पडलो. दोन्ही होड्या फायबरच्या, प्रत्येकीला मागे एकच आउटबोर्ड मशीन. आमच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडी हाकणारे जाणते खलाशी होते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. उभा जन्म दर्यावर गेलेला माणूस. दुसरी होडी मंडळातल्याच एका सभासदाची. ते स्वतः चालवत होते आणि सोबत तिघे होते. निवतीच्या दीपगृहाच्या खडकांच्या दिशेने जायचं, वाटेत सुरमईसाठी ल्युअर ओढत न्यायचे, मग खडपावर नांगर टाकून तांबोशी आणि गोब्र्यासाठी गरी तळाला सोडायची, असा बेत होता.

उन्हाळ्याकडे झुकलेला कोकणचा समुद्र सकाळी माणसाला फसवतो. रात्री जमीन गार होते आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहते. ती होडीला बाहेर न्यायला मदत करते आणि किनाऱ्याजवळ लाटही फारशी उठू देत नाही. ऊन चढलं की मतलई पडते. मग काही वेळ पाणी इतकं निपचित होतं, की नवखा माणूस म्हणतो, आता खरा दिवस लागला. पण तेवढ्या वेळात जमीन तापत असते. थोड्याच वेळात खारा वारा सुरू होतो, तो वायव्येकडून येतो आणि दुपारपर्यंत लाटांना पांढरे तुरे आणतो. म्हणजे समुद्र सगळ्यात शांत दिसतो, तीच परत निघायची वेळ असते. पुण्या-कोल्हापुराहून येणाऱ्या आमच्यासारख्यांना हे पुस्तकातून ठाऊक असतं. तात्यांना ते गालाला कळतं.

साडेदहाच्या सुमारास त्यांनी मान वर केली. म्हणाले, “वारो पडलो. आता उलटो येतलो. गरी उचला.” आमच्यातल्या दोघांच्या दोऱ्या तेव्हा खाली होत्या, एकाला नुकतीच चांगली ओढ लागली होती. तरी कुणी वाद घातला नाही, कारण निघतानाच ठरलं होतं, तात्या म्हणतील तेव्हा उठायचं. आम्ही दुसऱ्या होडीजवळून गेलो, हातवारे केले, ओरडून सांगितलं. त्यांनी अंगठा दाखवला. आम्हाला वाटलं, येताहेत मागोमाग.

ते आले नाहीत. पुढे त्या चौघांशी मी वेगवेगळं बोललो, आणि या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत गंभीर वाटलेली गोष्ट तीच आहे. चौघांनाही तेव्हा परत फिरायचं होतं! एकाला उलट्या होत होत्या, तो बिचारा तोंड फिरवून बसला होता. एकाच्या बोटात शिंगाळ्याचा काटा गेला होता आणि हात कोपरापर्यंत ठणकत होता. तिसरा सारखा घड्याळ बघत होता. होडीच्या मालकांना पाण्याचा रंग आवडत नव्हता, पण लांबून आलेल्या पाहुण्यांना लवकर उठवायचं कसं, म्हणून ते गप्प होते. आणि पाहुणे गप्प होते, कारण होडी मालकांची. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. समुद्रावर ती त्याहून महाग पडते.

वारा सुरू झाल्यावर त्यांनी नांगर उचलायला घेतला, तर तो खडपात अडकलेला. पुढून ओढून निघेना, तेव्हा त्यांनी दोरी होडीच्या मागच्या बाजूला आणून बांधली आणि मशीनच्या जोरावर ओढायला सुरुवात केली. लहान होडीत याहून धोक्याचं काम नाही. मशीनचं वजन, चालवणाऱ्याचं वजन, सगळं मागे असतं, आणि मागची कड आधीच पाण्याला टेकायला आलेली असते. तीच बाजू दोरीने खाली खेचली गेली, की येणारी प्रत्येक लाट सरळ आत उतरते. दोन लाटांत त्यांची होडी घोट्याच्या वरपर्यंत भरली, मशीनवर पाणी आलं आणि ते बंद पडलं. आता होडी मागून बांधलेली, पाठ वाऱ्याला, मशीन मेलेलं.

ते मागे दिसेनात म्हणून तात्यांनी आधीच होडी वळवली होती. तात्या जवळ गेले, पण थेट बाजूला लागले नाहीत. लाटांवर हेलकावणाऱ्या दोन होड्या एकमेकींवर आपटल्या तर दोन्ही फुटतात. अंतर राखून त्यांनी आवाज दिला, “दोरी कापा! नांगर जाऊंदे!” आणि त्या होडीत सुरी हाताशी नव्हती. मासे कापायची सुरी बर्फाच्या खोक्यात तळाला, खोकं फळीखाली. ती शोधायला जो वेळ गेला, तेवढ्यात आणखी पाणी आत आलं. शेवटी दोरी कापली तेव्हा होडीने उसळी घेतली आणि ती वाऱ्याबरोबर वाहू लागली, पण निदान तरंगत होती. दोघे पाणी उपसत राहिले. त्यांची लाइफ जॅकेटं? पुढच्या फळीखाली, प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारलेली.

आम्ही लांब दोरी फेकून त्यांना ओढत घेतलं. ओढायची दोरी लांब हवी. आखूड असली की एक होडी लाटेवर आणि दुसरी खाली, असं होऊन झटके बसतात आणि बांधलेली कडी उखडते. घराकडे, म्हणजे देवबागला, तात्या वळलेच नाहीत. उधाणाचं पाणी, दुपारची ओहोटी लागलेली, खाडी भरभरून बाहेर ओतत होती, आणि समोरून वारा लाटा आत ढकलत होता. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा असतो. तिथे ओहोटीचं पाणी आणि येणारी लाट समोरासमोर भिडली की लाट उभी राहते आणि फुटते. बाहेर पडताना सकाळी जिथे पाणी जेमतेम हललं होतं, तिथे दुपारी होडी उलटू शकते. तात्यांनी वारा पाठीवर घेतला आणि निवतीच्या टेकडीच्या आडोशाला नेऊन दोन्ही होड्या लावल्या. चौघेही सुखरूप उतरले. शिंगाळ्याचा काटा लागलेला हात तिथल्या एका घरात सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरायला लावला, त्याने ठणका उतरला. शिंगाळा असो की पाकट, काट्याच्या विषावर पहिला उपाय गरम पाणीच. नंतर डॉक्टरकडे मात्र जायचं, कारण काट्याचा तुकडा आत राहतो आणि जखम चिघळते.

आता तुम्हाला सांगायचं ते सांगतो.

परत फिरायची वेळ घड्याळात किनाऱ्यावर ठरवा आणि सगळ्यांच्या देखत ठरवा. फेब्रुवारी ते मे या दिवसांत ती मतलई पडायच्या आतली असावी. मासा लागला म्हणून ती पुढे सरकवायची नाही. दुसरं म्हणजे, होडीतल्या कुणाही एकाने ‘परत’ म्हटलं की परत. कारण विचारायचं नाही, मत घ्यायचं नाही, संध्याकाळी जेवताना त्यावर बोलायचंही नाही. हा नियम पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला होडीत चढण्याआधी मोठ्याने सांगा. आमच्या मंडळाने हे सुरू केल्यापासून लवकर परतलेल्या फेऱ्या वाढल्या आहेत, आणि मला त्याचा आनंद आहे.

भरती-ओहोटीचा हिशेब घरीच करा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बारा. हा हिशेब मुंबईच्या बाजूचा. दक्षिणेकडे पाणी थोडं आधी भरतं, म्हणून आपल्या बंदराचा तक्ता पाहा. मुंबईला उधाणाचं पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं, मालवणकडे त्याच्या साधारण निम्मं. पण पाणी कमी चढतं म्हणून खाडीचं तोंड सोपं होतं असं नाही. ओहोटीच्या समोरून वारा असेल तर आत शिरू नका. बाहेर थांबा, भरती लागू द्या, किंवा दुसरा आडोसा आधीच ठरवून ठेवा. नवख्या मंडळाने भांगाचे दिवस निवडावेत, पाण्याला ओढ कमी असते.

नांगर नेहमी पुढून. दोरी खोलीच्या निदान तिप्पट, वारा असेल तर पाचपट, म्हणजे नांगर आडवा ओढला जाऊन धरतो. खडपावर टाकायचा असेल तर दोरी नांगराच्या खालच्या टोकाला पक्की बांधा आणि वरच्या कडीला फक्त बारीक सुतळीने अडकवा. अडकला की जोर लावायचा, सुतळी तुटते आणि नांगर उलट्या बाजूने सुटून येतो. तरीही न निघाला तर कापा. नांगर बाजारात परत मिळतो. सुरी चालवणाऱ्याच्या उजव्या हाताला, म्यानात, दोरीने बांधलेली असू द्या.

लाइफ जॅकेट अंगावर, पट्टे आवळलेलं, जेटीपासून जेटीपर्यंत. उकडतं हे खरं आहे, मलाही उकडतं. पण पाण्यात पडल्यावर ते घालणं भल्याभल्यांना जमत नाही, आणि गरवायला जाणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना नीट पोहता येत नाही. होडी भरली किंवा उलटली तर तिला सोडून किनाऱ्याकडे पोहू नका. पाण्यातलं डोकं लांबून दिसत नाही, होडी दिसते. आउटबोर्डला मशीन बंद करणारी लाल दोरी असेल तर ती चालवणाऱ्याच्या मनगटात असलीच पाहिजे. एकटा माणूस पाण्यात आणि रिकामी होडी त्याच्याभोवती गोल फिरतेय, याचा विचार करून पाहा. इंधनाचे तीन भाग करा, एक जायला, एक यायला, तिसऱ्याला हात लावायचा नाही. पिण्याचं पाणी भरपूर घ्या. आपल्या समुद्रात माणूस थंडीपेक्षा उन्हाने आणि तहानेने आधी खचतो.

जाण्याच्या आदल्या रात्री आणि पहाटे, दोन्ही वेळा हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’चा लाटांचा अंदाज पाहा. दोघांपैकी एकाने नको म्हटलं तर जायचं नाही. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, ती पाळाच. पण बंदी नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ काढू नका. फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी आलं, ऐन हंगामात. त्या वेळी रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कितीतरी खलाशी दर्यावर होते, आणि त्यांतले अनेक परतले नाहीत. ते आपल्यापेक्षा शंभरपट जाणते होते. ते पोटासाठी गेले होते, आपण हौसेसाठी जातो. हौसेला माघार घ्यायला काहीच अडचण नसावी.

किनाऱ्यावर एक माणूस असा ठेवा, ज्याच्याकडे कागदावर लिहिलेलं असेल: होडीचा नंबर, कोण कोण गेलंय, कुठल्या खडपावर, परतायची वेळ काय. त्या वेळेनंतर तासाभरात फोन आला नाही तर त्याने वाट न पाहता तटरक्षक दलाला १५५४ वर आणि सागरी पोलिसांना १०९३ वर कळवायचं. होडीवर व्हीएचएफ संच असेल तर संकटाची हाक १६ नंबरच्या चॅनेलवर द्यायची. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गळ्यात.

जो गाव तुम्हाला होडी देतो, तिथल्या तांडेलाला सोबत घ्या आणि त्याला योग्य पैसे द्या. दोन रॉड कमी घेतले तरी चालतील. तो गप्प बसला असेल तर आपणहून विचारा, “तात्या, निघूया का?” बरेचदा तो आपल्या मानासाठी थांबलेला असतो.

तुमच्या मंडळाची पुढची बैठक होईल तेव्हा जिग आणि रीलवर बोलण्याआधी हे दोन ठराव मांडा: परतायची वेळ किनाऱ्यावर ठरेल, आणि एकाने ‘परत’ म्हटलं की होडी परतेल. ज्यांना ते मान्य नाही, त्यांच्यासोबत होडीत बसू नका.